हुंगे, झाके आणि एक नैवेद्यवाली

नंदनवन, नागपूर
१६ जानेवारी २०२५

मामा,

तुझे कान गेल्यापासून फोनवर आपण दोघंही ओरडतो आणि शेवटी काहीच न कळता "बरं, बरं" म्हणून ठेवून देतो. मोबाईलच्या पडद्यावरचं तुला वाचवत नाही. तेव्हा लग्नाच्या मांडवात तुला कबूल केलं होतं तसं आजपासून पत्र. बँकेत राहून माझं अक्षर बिघडलंय, तेवढं सांभाळून घे.

इथल्या शाखेत बदली मार्चमध्ये मिळेल. तोवर मी घरातली नवी सून, म्हणजे स्वयंपाकघरातली पाहुणी. हाताला काम कोणी देत नाही आणि ओट्यापासून हलावंसं मला वाटत नाही. म्हणून तुझाच उद्योग मी इथे सुरू केलाय. तू कॉलेजात जन्मभर झाडांची कुळं लावलीस, मी ओट्याभोवतीच्या माणसांची लावते आहे.

पहिलं कुळ झाक्यांचं. यांना उघडं भांडं पाहवत नाही. माझे सासरे गोपाळराव, कचेरीत हेडक्लार्क होते, ते यातले. झोपताना पाण्याच्या पेल्यावर वाटी, वाटीवर ताटली आणि ताटली हलू नये म्हणून तिच्यावर अडकित्ता. सकाळी तहान लागली की आधी एवढं सगळं उतरवायचं. दुसरं कुळ चमचाभर-राख्यांचं. ही माणसं भाजी कधी संपवत नाहीत. तळाला चमचाभर ठेवून पातेलं फ्रिजमध्ये सरकवतात, कारण जो संपवेल त्याने पातेलं विसळायचं असा घरचा कायदा असतो. तुझे जावई उन्मेष हे या कुळाचं भूषण आहेत. तिसरे डबेफसवे. शेजारच्या काजलवहिनींकडे श्रीखंडाचा डबा उघडला तर आत मोहरी, मोहरीचा उघडला तर बटणं, आणि श्रीखंड घरात कुठेच नाही.

चौथं कुळ सगळ्यांत मोठं, हुंग्यांचं. तू, मी, आई, आपण सगळे. दूध तापवायच्या आधी हुंगायचं, कालची आमटी हुंगायची, धुतलेला पेलासुद्धा हुंगायचा. मला वाटायचं, नाक असलं की माणूस थोडाफार हुंग्या असतोच. इथे येऊन कळलं की तसं नाही. माझ्या सासूबाई, प्रेमलताबाई, कशालाही नाक लावत नाहीत. स्वतः चाखतही नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "देवाले दाखवायच्या आधी कोणी वास घेत असते का वं?" आपल्याकडे गणपतीच्या नैवेद्यापुरतं तेवढं पाळतात. सासूबाई रोजच्या वरणभातालाही पाळतात. म्हणून त्यांच्यासाठी एकाच माणसाचं एक वेगळं कुळ काढावं लागलं, नैवेद्यवाली.

मामा, या बाईंना स्वयंपाक करताना पाहणं म्हणजे काय असतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. संक्रांतीला तीळ भाजत होत्या. कढईकडे बघतही नव्हत्या, मान तिरकी करून ऐकत होत्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी कढई उतरवली आणि मग पहिला तीळ तडतडला. बेसन भाजताना उलथणं दोन बोटांत सैल धरतात. फोडणीत हिंग टाकण्याआधी क्षणभर डोळे मिटतात. मी तोंड उघडं टाकून बघत बसते.

लाडू झाला की पहिला माझ्या हातावर. "खाऊन पाय. कसा लागून राहिला?" मी म्हणते, छान. "नुसतं छान काय म्हणून राहिली वं? काय काय लागते ते सांग." मग मी वेलदोडा, गूळ, कडेला जरासा खरपूसपणा असं एकेक सांगते आणि त्या परीक्षेचा निकाल ऐकावा तशा ऐकतात.

एक काळजी आहे. उन्मेषला वाटतं, आईंना विसरायला झालंय. मागे त्यांनी खवट दाण्यांची चटणी पाहुण्यांना वाढली. एकदा वरण करपलं, घरभर कळलं, त्या मात्र तिथेच उभ्या. गॅसची बटणं पुन्हा पुन्हा चाचपतात. त्याने सरिता नावाची स्वयंपाकाची बाई पाहून ठेवलीय. आईला ओट्यापासून सोडवायचं म्हणतो, आणि ते प्रेमानेच म्हणतो. पण त्या ओट्याशिवाय आई कशा दिसतील ते माझ्या डोळ्यांसमोर येतच नाही.

तुझी
मुग्धा


सातारा
२५ जानेवारी २०२५

मुग्धे,

पोस्टमनने बेल वाजवली असणार. शेवटी बिचारा खिडकीशी येऊन दोन्ही हात हलवत उभा राहिला, तेव्हा मला दिसला. पत्र वाचून इतका हसलो की तुझी मामी आतून धावत आली. तिला माझं हसू ऐकू येतं, मला तिचं येत नाही, अशी आमची सध्या वाटणी आहे.

तुझ्याकडून एक कुळ राहिलं, फ्रिजदर्शनी. दार उघडायचं, आतल्या दिव्याच्या उजेडात भक्तिभावाने उभं राहायचं, काहीही न घेता दार लावायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा दर्शनाला यायचं. मामीच्या मते या कुळात मी एकटाच आहे. मला ते पटत नाही. महाराष्ट्रभर शोध घेतलास तर लाखांनी सापडतील.

पण हसून झाल्यावर मी तिळांपाशी थांबलो ते थांबलोच. तडतडायच्या आधी तिळाचा आवाज बदलतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी बियांवर जन्म घालवला, मुलांना बिया सोलून, चिरून, काचेखाली ठेवून दाखवल्या, पण कान लावून कधी ऐकल्या नाहीत. आता ऐकीन म्हटलं तर कान उरले नाहीत. तुझ्या सासूबाईंना मी लग्नात एकदाच पाहिलं, हिरव्या साडीतल्या, सारख्या पंगतीकडे बघणाऱ्या. त्यांना माझा नमस्कार सांग. एवढं बारीक लक्ष असलेली माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

आता मास्तर म्हणून थोडं. एका नमुन्यावरून कुळ लावायचं नसतं. आणि एखादं झाड कुठल्याच कुळात बसलं नाही, तर झाडाचं चुकलेलं नसतं, आपलं बघणं कमी पडलेलं असतं. तुझ्या नैवेद्यवालीत मला एक गोष्ट खटकते. देवाला दाखवण्याआधी जी बाई स्वतः वाससुद्धा घेत नाही, ती तुझ्या हातावर लाडू कसा ठेवते? नैवेद्य तुझ्याने उष्टा होत नाही का? विचारून पाहा, किंवा विचारू नकोस, नुसतं बघत राहा.

उन्मेषरावांना आशीर्वाद. भाजी संपवत जा म्हणावं.

मामा


नंदनवन, नागपूर
१० फेब्रुवारी २०२५

मामा,

हे पत्र हसवणारं नाही.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आई मेथी निवडत ओट्याशी उभ्या होत्या. मागच्या शेगडीवर बारीक आचेवर वरण होतं. थंडी असूनही त्या खिडकी उघडी ठेवतात, तिथून वारा आला आणि ज्योत विझली. गॅस तसाच चालू. मी आत खोलीत डोळा लागून पडले होते. बाबा देवळात गेले होते. उन्मेष ऑफिसातून आला, दारातच त्याला वास आला, धावत जाऊन त्याने बटण बंद केलं, सगळी दारं उघडली. त्या आवाजाने जागी होऊन मी दारात आले. आई तिथेच उभ्या होत्या, मेथीची काडी हातात घेऊन. म्हणाल्या, "काय झालं रे?"

"आई, गॅस चालू आहे. तू इथेच उभी आहेस." उन्मेष ओरडलाच.

त्यांनी शेगडीकडे पाहिलं, मग माझ्या खोलीच्या दाराकडे. "विसरले असन," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री जेवायला बसल्यावर उन्मेषने सगळं ठरवूनच टाकलं. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, होळीनंतरची. सरिता होळीच्या दुसऱ्या दिवसापासून येईल. वर्षाचा मसाला यंदा विकत आणायचा. तुला या मसाल्याचं सांगितलं नव्हतं. आईंचं माहेर भिवापूरचं, त्यांचा भाचा प्रीतम दरवर्षी शेतातली मिरची आणून देतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आई मसाला करतात तो सगळ्या नातलगांत जातो. काजलवहिनी म्हणतात, या आळीत दुसरा मसाला कोणी आणतच नाही.

मला वाईट कशाचं वाटलं ते सांगते. तुला लिहिलेली कुळं मी एकदा जेवताना सगळ्यांना वाचून दाखवली होती. खूप हसले सगळे, आईसुद्धा. आता उन्मेष मला म्हणाला, "तूच बघितलंस ना, ती प्रत्येक पदार्थ दुसऱ्याला चाखायला लावते. आपण त्यात काय घातलं ते तिला आठवत नाही म्हणून." माझी गंमत त्याने पुरावा म्हणून ठेवली.

आणि आईंनी लगेच मानलं, मामा. भांडतील असं वाटलं होतं. शांतपणे म्हणाल्या, "ठेवा तिले. मी कशाले नाही म्हणू?" दुसऱ्या दिवसापासून मी घरात असेन तरच त्या गॅस पेटवतात. पेटवला की माझ्याकडे बघतात. स्वयंपाक तोच, तसाच सुरेख. पण आता मला तो बघवत नाही.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर मी विचारलं नाही. कुळं लावायची हौस फिटली.

मुग्धा


सातारा
१७ फेब्रुवारी २०२५

मुग्धे,

हे पत्र जलद टपालाने पाठवतो आहे. सगळ्यांत आधी, गॅस गळला की वाजणारं यंत्र मिळतं, ते पत्र वाचून होताच आणा आणि भिंतीला लावा. मग बाकीचं वाच.

तुझी दोन्ही पत्रं मी शेजारी ठेवून पुन्हा वाचली. तुझ्या सासूबाई काही विसरत नाहीत. मला वाटतं, त्यांना वास येत नाही.

कसं ते सांगतो. खवट दाणे दिसायला चांगल्या दाण्यांसारखेच असतात, ते नाकालाच कळतात. करपलेलं वरण वरून पिवळंच असतं. गॅस डोळ्यांना दिसत नाही. तू जेवढ्या चुका लिहिल्यास त्या सगळ्या नाकाच्या आहेत. एक तरी चूक अशी सांग की मीठ दोनदा पडलं, किंवा साखरेऐवजी मीठ पडलं, किंवा कोणाचं नाव चुकलं. तू लिहिलेली नाहीस. विसरणारा माणूस सगळीकडे विसरतो, तो फक्त वासाचंच कसं विसरेल? आणि ज्या बाईला आपण काय घातलं ते आठवत नाही, ती "काय काय लागते ते सांग" असं विचारणार नाही. त्यांना आपण काय घातलं ते पक्कं ठाऊक आहे. ते पोचलं का, एवढंच त्यांना तुझ्याकडून हवं असतं.

नैवेद्याचं कारण त्यांनी पुढे केलं, कारण आपल्यात त्यावर कोणी उलट प्रश्न करत नाही. मला हे कळतं. कान जात होते तेव्हा मी लग्नाकार्यात भिंतीला पाठ लावून बसायचो, म्हणजे मागून कोणी हाक मारायला नको. वर्गात पोरांच्या ओठांकडे बघून उत्तरं द्यायचो. मामी म्हणायची, तुमचं लक्षच नसतं. मी म्हणायचो, हो, नसतं. तो शब्द तिनेच माझ्या हातात दिला होता, तो घेणं सोपं होतं. तसाच "विसरले" हा शब्द तुम्ही त्यांच्या हातात दिला.

माझं चुकतही असेल. मी इतक्या लांब आहे आणि माझ्यापुढे फक्त तुझं अक्षर आहे. पण बरोबर असेल तर, मुग्धे, जरा विचार कर. तो लाडू, तो हिंग, ती फोडणी, सगळं त्या बाईने नाकाशिवाय केलेलं आहे.

त्यांची परीक्षा घेऊ नकोस. नाकाशी काही धरून बघू नकोस. उन्मेषलाही आधी सांगू नकोस. दोघीच असाल तेव्हा सरळ विचार.

मामा


नंदनवन, नागपूर
२ मार्च २०२५

मामा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी यंत्र लावून घेतलं. उन्मेषला वाटलं, मी अखेर त्याच्या बाजूची झाले.

विचारायला मात्र मला आठवडा लागला. काल दुपारी प्रीतम मिरच्या टाकून गेला. यंदा नको असं त्याला कोणी कळवलंच नव्हतं. आई गच्चीवर मिरच्यांपुढे बसल्या आणि देठ खुडायला लागल्या. मी म्हटलं, "यंदा करायचा नाही ना?" तर म्हणाल्या, "खुडून तर ठेवते. ज्याले द्यायच्या त्याले द्या." मी समोर बसले. थोडा वेळ खुडलं आणि विचारलं, "आई, तुम्हाला वास येत नाही ना?"

हात थांबले. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "कोणं सांगितलं?"

"सातारच्या मामांनी."

"त्यायनं तं मले एकदाच पायलं, लग्नात."

"त्यांना ऐकू येत नाही. ते पत्रातूनच बघतात."

यावर त्या जराशा हसल्या आणि मग रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वास गेला. सगळ्यांचा जात होता, महिन्याभरात परत येत होता. यांचा आलाच नाही. त्याच दिवसांत भिवापूरचा भाऊ गेला, प्रीतमचे वडील. "ज्याच्या घरी माणूस गेला त्याच्यापुढे मी नाकाचं काय रडू वं? मंग आज येईल, उद्या येईल म्हणत राहिली. मंग सांगाची लाज वाटाले लागली." जिभेला खारट, गोड, आंबट कळतं. मिरची झोंबते. बाकी काही नाही. सांगितलं का नाही म्हणशील तर त्यांच्याच शब्दांत लिहिते. "मी शिकलेली नाही, नोकरी केली नाही. या घरात मले जे काही मानतात ते या हाताच्या चवीनं. नाक गेलं म्हटलं असतं तर चांगल्या मनानंच, पण मले ओट्यावरून उठवलं असतं." आणि मग म्हणाल्या, "आता उठवाच. तू आत झोपली होती त्या दिवशी. तुले काही झालं असतं तर मी काय केलं असतं?" मामा, म्हणून त्या सरिताला नाही म्हणत नव्हत्या. माझ्यासाठी.

मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, चला, आपण मसाला करू. आत्ता. मी नाक लावून उभी राहते, चुकलं तर सांगते. नको नको करत उठल्या.

आता पुढचं नीट वाच. धणे कढईत टाकले. मी वाकून हुंगत होते. पहिल्यांदा कच्चा, गवताचा वास, मग तो गेला, मग एक गोडसर वास वर यायला लागला. मी "आता" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांनी कढई उतरवली. मला वाटलं, योग जुळला. मग जिरं. परत तसंच. खसखस, लवंग, दगडफूल, खोबरं, प्रत्येक वेळी मी म्हणायच्या आधी हात कढईकडे. त्या सांगत होत्या, "धणा बोटात दाबला की आधी वाकते, मंग मोडते. मोडाले लागला की झाला. जिरं आधी चिकटून चालते, मंग पळते. बेसन जड राहते तवर कच्चं, उलथणं सैल झालं की उतरव. तूप कढताना गप्प झालं की झालं." खोबऱ्याची वाफ मनगटावर घेऊन बघतात. मिरची कढईत पडली की डोळ्यांच्या कडेला पाणी येतं, ते गालावर उतरायच्या आत काढायची.

मी विचारलं, हिंग टाकताना डोळे का मिटता? म्हणाल्या, "तो वास आठवते. नीट आठवला की तेवढा टाकते. फोडणीचाही आठवते, वरणाचाही. तुले हसू येईन, पण मी रोज सगळा स्वयंपाक आधी डोक्यात हुंगते."

मामा, मला हसू आलं नाही. चार वर्षं ही बाई नुसत्या आठवणीवर या घराला जेवू घालते आहे. प्रत्येक पदार्थाचा वास तिने पुसू दिलेला नाही. आणि आम्ही तिला विसराळू ठरवून डॉक्टरांची वेळ घेतली.

संध्याकाळी घरभर मसाल्याचा वास होता. उन्मेष आला, दारात थांबला. माझ्याकडे रागाने बघितलं. मी सांगणार होते, पण आईंनी मान हलवली. आत मला म्हणाल्या, "माझं मले सांगू दे. होळीपर्यंत सांगते." तोवर सरिता येणार हे कायम आहे. आई सांगतील की नाही, मला खात्री नाही. मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघते.

मुग्धा


नंदनवन, नागपूर
२१ मार्च २०२५

श्री. विश्वनाथराव यांस,
प्रेमलताचा नमस्कार.

आपली ओळख एका मांडवातली, तरी पत्र लिहिते आहे. मुग्धा म्हणाली, तुम्हीच लिहा, मी लिहिलं तर माझ्या शब्दांत होईल. मला लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्यावं.

होळीला पुरण केलं होतं. जेवायला बसल्यावर उन्मेष म्हणाला, उद्यापासून सरिता येईल. मी पोळी वाढत होते. हातातली पोळी तशीच धरून मी सांगून टाकलं, की बाबू, मी विसरत नाही, मला वास येत नाही, चार वर्षं झाली. एवढंच वाक्य होतं. त्यासाठी मी इतकी घाबरत होते.

तो उठून उभा राहिला. आधी रागावला. सांगितलं का नाही, आम्ही कोण लागतो तुझे, असं खूप बोलला. मग ओट्याकडे गेला आणि तिकडे तोंड करून उभा राहिला. परत येऊन विचारलं, "मग तुला जेवताना काय लागतं?" हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारणार तरी कसं, मी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, गरम लागतं, थंड लागतं, मऊ लागतं. पुरण गोड लागतं, पण ते पुरण आहे हे मी डोळ्यांनी बघून ठरवते. त्याला पुढे जेववलं नाही.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ त्याने रद्द केली. नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वास परत येईल की नाही सांगता येत नाही, रोज ठरावीक वास घेत राहा, प्रयत्न सोडू नका. मी घेते आहे. सरिताबाईंना उन्मेषने दुसऱ्या घरी काम लावून दिलं, मोठ्या मनाची बाई. भिंतीवरचं यंत्र आहे, तरी घरात कोणी असेल तेव्हाच मी गॅस लावते. ओटा माझ्याकडे राहिला. मसाला सगळ्यांकडे गेला, तुमचा डबा वेगळा पाठवते आहे. पत्र वाचून तुम्ही मला ओळखलं, यासाठी काय लिहावं ते मला कळत नाही. तुम्हाला कमी ऐकू येतं असं मुग्धा म्हणते. नागपूरला या. मी तुम्हाला ओट्याशी बसवून सगळे आवाज हातांनी सांगेन.

आता एक गोष्ट फक्त तुम्हाला लिहिते, मुग्धाने हे पत्र वाचलेलं नाही. आमच्या यांना जेवताना बोलायची सवय नाही. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, भाजी चांगली झाली की वाईट, मला यांच्या ताटाकडे बघून समजून घ्यावं लागायचं. मी त्याची वाट बघणंही सोडलं होतं. होळीच्या दिवशी मी सांगितलं तेव्हाही हे काही बोलले नाहीत, उठून हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. मला वाटलं, यांना राग आला.

परवा नव्या मसाल्याचा पाटवडीचा रस्सा केला होता. पोरं कामाला गेली होती, आम्ही दोघंच होतो. यांनी एक घास घेतला आणि थांबले. माझंही ताट समोर होतं, पण मी आपली नेहमीसारखी पोटात ढकलत होते. हे म्हणाले, "आधी खोबरं लागते." मी वर बघितलं. कचेरीत कागद वाचावा तसे, एकेक शब्द सांभाळून सांगत होते. "मंग धणे. मंग काहीतरी काळं, जळालेलं नाही, पण जळायच्या जवळचं. मिरची सगळ्यात शेवटी येते." कान लाल झाले होते. पुन्हा एक घास घेऊन डोळे मिटले आणि म्हणाले, "तुले पाहाले आलो होतो भिवापूरले, तवा अंगणात मिरच्या वाळून राहिल्या होत्या. ऊन होतं. मले ठसका लागला अन् तू आतून पाणी घेऊन आली. तोच वास आहे हा."

विश्वनाथराव, खोटं लिहिणार नाही. माझ्या नाकाला काहीच आलं नाही. पण मी पुन्हा भात वाढून घेतला, आणि त्यावर रस्सा घेतला, आणि पोट भरेपर्यंत जेवले.

आपली
प्रेमलता